पैसे कट झाले, तिकीट आलं नाही

"पैसे कट झाले, पण तिकीट आलंच नाही." मुंबईत हे वाक्य कानावर पडलं नाही असा माणूस विरळा. म्हणणारा स्टेशनच्या पुलावर कठड्याला टेकून उभा असतो. मागून गर्दी ढकलत असते, खाली गाडीची घोषणा चालू असते, आणि हातातल्या स्क्रीनवर एक चक्र गरगरत असतं. त्याला एवढंच ठरवायचं असतं: थांबू, की परत पैसे भरू?

ही स्क्रीन बहुतेक वेळा कुणी डिझाइनच केलेली नसते. डिझाइनच्या फाइलमध्ये 'पेमेंट यशस्वी' असते, हिरव्या टिकसकट. 'पेमेंट अयशस्वी'सुद्धा असते, लाल फुलीसकट. या दोघींच्या मधली अवस्था मात्र डेव्हलपर रिलीजच्या आदल्या रात्री सुचेल तो मजकूर टाकून उरकतो. यूएक्समध्ये, म्हणजे ॲप वापरणाऱ्याचा अनुभव आखण्याच्या क्षेत्रात, काम करू पाहणारी मुलं सल्ला मागतात, तेव्हा टूल कुठलं शिकू, कोर्स कुठला लावू हेच विचारतात. माझ्या मते सुरुवात या मधल्या स्क्रीनपासून करावी. टूल महिन्याभरात हाताला बसतं. ही स्क्रीन विचारपूर्वक करायची सवय लागायला वर्षं जातात.

यूपीआयचं पेमेंट आपल्याला एका टॅपचं वाटतं. प्रत्यक्षात ॲपकडून गेटवेकडे (पेमेंट पुढे पोचवणारी मधली सेवा), तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे, मग पैसे देणाऱ्याच्या बँकेकडे, घेणाऱ्याच्या बँकेकडे आणि पुन्हा त्याच वाटेने मागे असा निरोप फिरतो. यातल्या एखाद्या जरी ठिकाणाहून ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर पैसे गेले की नाही हे ॲपलाही ठाऊक नसतं. म्हणजे निकाल तीन: झालं, झालं नाही, माहीत नाही. तिसऱ्याच्या जागी दुसरा दाखवला की माणूस 'पुन्हा प्रयत्न करा' दाबतो आणि एका तिकिटाचे दोनदा पैसे जातात. तिसऱ्याच्या जागी नुसतं चक्र ठेवलं की तो ॲप बंद करून परत उघडतो. तिथे काहीच दिसलं नाही की मग घाबरतो.

मग त्या स्क्रीनवर काय हवं? सगळ्यात वर खरं काय ते, साध्या शब्दांत: 'पेमेंट झालं की नाही, हे बँकेकडून अजून कळलेलं नाही.' त्याखाली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक. हा क्रमांक टॅप केल्यावर कॉपी व्हायला हवा, कारण पुढे बँकेच्या माणसाला तोच वाचून दाखवायचा असतो. त्यानंतर, आता पुढे काय. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात याच्या मुदती बांधून दिल्या आहेत. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. माणसाकडून माणसाला पाठवलेले असतील, तर एका दिवसात. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. 'लवकरच परत मिळतील' असं लिहिण्यापेक्षा तारीख लिहा. १२ तारखेला अडकलेलं पेमेंट असेल तर 'जास्तीत जास्त १७ तारखेपर्यंत' हे सॉफ्टवेअरला सहज काढता येतं.

आणि शेवटी, या क्षणी काय करायचं. हे लिहायला डिझायनर कचरतात, कारण ते आपल्या ॲपच्या बाहेरचं असतं. पण पुलावरच्या माणसाला तेच हवं असतं. 'तिकीट दिसेपर्यंत प्रवास करू नका. घाई असेल तर खिडकीवर किंवा एटीव्हीएमवर तिकीट काढा. तिकीट आलंच नाही तर हे पैसे परत येतील.' प्रॉडक्ट मॅनेजर म्हणेल की आपणच गिऱ्हाईक बाहेर कशाला पाठवायचं? त्याला सांगा, टीसीने दंड लावला तर ते गिऱ्हाईक कायमचंच बाहेर जाईल.

हे चित्र काढण्याआधी डेव्हलपरबरोबर अर्धा तास बसा. विचारायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. बटण दोनदा दाबलं गेलं तर सर्व्हरकडे तोच ऑर्डर क्रमांक जातो की नवा? नवा जात असेल, तर तुम्ही बटण कितीही राखाडी करा, कधी ना कधी दोनदा पैसे जाणारच. ॲप बंद करून परत उघडलं तर माणूस कुठे येतो? होम स्क्रीनवर येत असेल, तर तिथे वर 'एक पेमेंट अडकलं आहे' अशी पट्टी लागेल, म्हणजे आणखी एक स्क्रीन तुमच्या यादीत आली. बँकेला स्थिती किती वेळाने विचारली जाते आणि किती वेळानंतर विचारणं थांबतं? त्या उत्तरावर तुमचा मजकूर केव्हा बदलायचा ते ठरतं. यात वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेले आकडे अजून उपयोगी पडतात: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते तात्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. म्हणून दहाव्या सेकंदाला चक्राखालचा मजकूर बदललाच पाहिजे. 'थांबा' हा शब्द तीस सेकंद तसाच राहिला तर माणूस ॲप बंदच करणार.

पेमेंटचं इतकं सविस्तर सांगितलं कारण तिथे चुकीची किंमत रुपयांत मोजता येते. पण हीच पाहणी प्रत्येक स्क्रीनची करायची असते. यादी रिकामी असेल तर काय दिसेल? तीनऐवजी तीनशे नोंदी असतील तर? नेट गेलं तर जुनं दाखवायचं का, आणि ते जुनं आहे हे कसं सांगायचं? लोकेशनची परवानगी नाकारली तर? एखाद्या फोटोच्या जागी फोटोच नसेल तर? फाइलमध्ये मुख्य फ्रेमच्या उजवीकडे या सगळ्या ओळीने मांडा. जी तुमच्या कामात येतच नाही तिथे 'लागू नाही' असं लिहा, पण जागा सोडू नका. रिकामी जागा म्हणजे डेव्हलपरला 'तुला सुचेल ते कर' अशी दिलेली मुभा असते. या शहरात नेट जाण्याला फार शोधावं लागत नाही. भुयारी मेट्रोत शिरा, लिफ्टमध्ये जा, नाहीतर संध्याकाळी सहाच्या गर्दीत चर्चगेटला उभे राहा. रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि डेटा सरकत नाही. ही 'नेट आहे पण नाही' अवस्था सगळ्यात वाईट, कारण फोन ॲपला 'जोडलेलं आहे' असंच सांगत राहतो. ऑफिसच्या वायफायवर ती कधीच दिसत नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम हळू करता येतं, निदान तेवढं तरी करून बघा.

बटणांच्या मापाबद्दल थोडक्यात. ॲपल ४४ पॉइंट सांगतं, गूगलची मटेरियल ही डिझाइनची नियमावली ४८ डीपी (अँड्रॉइडचं मापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ने (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे निकष) २४ पिक्सेलची किमान मर्यादा घातली आहे, पण ती खालची पातळी आहे. तेवढ्यावर समाधान मानू नका. एका हाताने डब्यातला हँडल धरलेला माणूस दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोन चालवतो. त्याचा अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्यात सहज पोचत नाही, आणि गाडीला हिसका बसला की नेम पाव इंच तरी चुकतो. 'पैसे भरा' आणि 'रद्द करा' शेजारी शेजारी ठेवलेत तर हा पाव इंच महागात पडेल. रंगांचंही तेच. डिझाइनमध्ये नाजूक राखाडी अक्षरं फार सुंदर दिसतात. पांढऱ्यावर ९९९९९९ या कोडच्या राखाडीचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) २.८५ भरतो, आणि साध्या मजकुराला किमान ४.५ हवा. ७६७६७६ घेतलात तर ४.५४, म्हणजे जेमतेम पास. दुपारी बाराला छप्पर नसलेल्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला, ओरखडे पडलेल्या स्क्रीनगार्डखाली ते जेमतेम पासवालंही दिसत नाही. तेव्हा तिकिटाचा मजकूर सरळ काळा ठेवा.

आता मराठीकडे. इथे थोडं रेंगाळतो, कारण इथल्या चुका शिकवणारं कुणी सहसा भेटत नाही.

पहिली गोष्ट उंचीची. इंग्रजी मजकुरासाठी आखलेल्या बटणात मराठी टाकलं की वरची वेलांटी किंवा अनुस्वार कापला जातो, नाहीतर खालचा उकार. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. ओळींची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ठेवा, आणि बटणाची उंची पक्की न बांधता आतल्या मजकुराभोवती पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, द्या. तपासायला 'ठीक आहे' पुरत नाही. 'र्ट्रीं', 'द्धृ', 'ष्ट्रू' असल्या जोडाक्षरांची एक ओळ कायम जवळ ठेवा आणि प्रत्येक कंपोनंटमध्ये टाकून बघा. दुसरी गोष्ट, अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी शीर्षकं जरा मोकळी करायची फॅशन आहे. तोच आकडा मराठीला लागला की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटलेल्या दातांसारखा दिसतो. मराठीसाठी तो आकडा शून्य. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीतच आणि तिरकी अक्षरं वाचवत नाहीत, म्हणून जोर द्यायला वजन (अक्षराचा जाडपणा) आणि आकार एवढंच हाताशी उरतं. फॉन्ट निवडताना त्याची किमान तीन वजनं आहेत का ते बघा. नोटो सॅन्स देवनागरी आहे, मुंबईतल्याच फॉन्ट करणाऱ्या 'एक टाइप' या गटाने केलेला 'मुक्त' आहे, दोन्ही फुकट आहेत. ज्या शहरात र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षररचनाकाराने आयुष्य अक्षरांत घालवलं आणि ज्यांचा 'मंगल' हा फॉन्ट विंडोजमधून घराघरांत गेला, तिथल्या डिझायनरने मराठी मजकूर 'नंतर टाकू' म्हणावं हे मला पटत नाही.

फॉन्ट बरोबर असूनही 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. याचं कारण बरेचदा एवढंच असतं की पानावर भाषा मराठी म्हणून नोंदलेलीच नसते. नोंद असेल, तर ज्या फॉन्टांत मराठी वळणाची अक्षरं आहेत ते ती आपोआप लावतात. एका ओळीचं काम आहे. डिझाइन डेव्हलपरकडे सोपवताना देतो त्या हँडऑफच्या कागदावर ती ओळ लिहून टाका.

त्याहून खोल चूक वाक्यांच्या साच्यांत असते. इंग्रजीत 'अमुक स्टेशनपासून तमुकपर्यंत' असा साचा करून मध्ये नाव भरलं की काम भागतं. मराठीत नावाला प्रत्यय लागताना नावच बदलतं. ठाणे, पण ठाण्याहून. कुर्ला, पण कुर्ल्याला. वसईला मात्र काही होत नाही. साच्यातून 'ठाणेहून कुर्लाला' असं बाहेर पडतं आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं, हे आपल्या भाषेत कुणी लिहिलेलं नाही. याच्यावर प्रोग्रामिंगने मात करायला जाऊ नका. वाक्यच मोडा. 'कुठून' या लेबलाखाली 'ठाणे', 'कुठे' या लेबलाखाली 'कुर्ला'. नाव जसंच्या तसं राहतं, वाचायलाही जलद. हीच युक्ती 'गेला, गेली, गेले'च्या घोळालाही चालते: 'सुनीता यांनी पैसे पाठवले' असा आदरार्थी साचा धरला की सुनीता असो की सुनील, वाक्य बिघडत नाही.

अंकांची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. फोनची भाषा मराठी केली की अँड्रॉइडमध्ये आकडे मांडणारं साधन आपणहून १, २, ३ असे देवनागरी अंक देतं. दिसायला छान. पण डेव्हलपरने तीच मांडणी सर्व्हरकडे जाणाऱ्या तारखेला किंवा रकमेला वापरली असेल, तर सर्व्हरला ते अंक कळत नाहीत आणि फॉर्म 'काहीतरी चुकलं' म्हणून परत येतो. ही चूक इंग्रजीत फोन वापरणाऱ्या टीमला कधीच सापडत नाही. क्यूएला, म्हणजे ॲप तपासणाऱ्या टीमला, सांगून ठेवा: प्रत्येक रिलीज मराठी फोनवर एकदा, फॉन्टचा आकार सगळ्यात मोठा करून. अँड्रॉइड १४पासून तो दुपटीपर्यंत वाढतो, आणि घरातली वडीलधारी मंडळी तो वाढवूनच ठेवतात. लाखांचे स्वल्पविरामही तेव्हाच बघून घ्या. १,००,००० च्या जागी १००,००० दिसलं की वाचणारा अडखळतो, आणि रकमेवर अडखळलेला माणूस पुढे जात नाही.

शोधाच्या चौकटीत मुंबई वेगळीच परीक्षा घेते. एकाच स्टेशनला कुणी वांद्रे लिहील, कुणी बांद्रा, कुणी इंग्रजी अक्षरांत दोन्हीपैकी काहीही. शीव आणि सायन एकच. भायखळा इंग्रजीत लिहिताना स्पेलिंग कुणालाच धड आठवत नाही. १९९६मध्ये व्हीटीचं सीएसटी झालं, २०१७मध्ये सीएसएमटी, पण साठीच्या माणसाच्या बोटातून अजून व्हीटीच उमटतं. २०१८मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. यासाठी हुशार अल्गोरिदम लागत नाही. एक एक्सेल शीट पुरते: डावीकडे अधिकृत नाव, उजवीकडे लोक काय काय लिहितात. सुरुवातीची यादी टीममधल्या लोकांनी दुपारच्या चहाला बसून करावी. पुढे 'काहीच सापडलं नाही' असं उत्तर मिळालेले शब्द दर आठवड्याला सर्व्हरकडून मागवून त्यात भर घालत जावी. एक तांत्रिक खोच इथेही आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधीचा आणि अजूनही बऱ्याच कीबोर्डवरचा 'अ' अधिक चंद्र वेगळा साठवला जातो. दिसतात सारखे, पण शोधात जुळत नाहीत. दोन्ही एका रूपात आणून मगच शोधायचं, हेही कागदावर.

लोकांसमोर डिझाइन ठेवून ते तपासायच्या कामाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून मी फक्त इथे जे चुकतं तेवढंच सांगतो. 'चाचणीला पाच माणसं पुरतात' हा नियम सगळे ऐकून असतात. तो नील्सन आणि लँडॉवर यांच्या १९९३च्या मांडणीवरून आला. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाचांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण ती पाच एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांतली हवीत. डोंबिवलीहून रोज येणाऱ्या, मराठीत फोन वापरणाऱ्या काकू दोन आणि वांद्र्याची कॉलेजची मुलं तीन, असे पाच धरलेत तर तुमच्या हाती दोन अर्धवट चाचण्या लागतात. वेळ अकरा ते चार ठेवा. सकाळी नऊला बोलावलेला माणूस गर्दीतून घामेघूम होऊन येतो आणि पहिली दहा मिनिटं पंख्याकडे बघतो. एका बैठकीला पाऊण तास, कामं चारच्या आत.

काम सांगताना बटणावरचा शब्द वापरू नका. 'पासचं नूतनीकरण करा' म्हटलंत की काकू तो शब्दच शोधतील. 'तुमचा पास उद्या संपतोय, काय कराल?' एवढं विचारा. आणि 'कळलं का?' हा प्रश्न तोंडातून जाऊ देऊ नका. समोर बसलेल्या मुलाला वाईट वाटू नये म्हणून आपल्याकडची माणसं 'हो हो, छान आहे' म्हणतात. त्याऐवजी 'हे दाबलं तर काय होईल असं वाटतंय?' असं विचारून गप्प बसा. दहा सेकंदांची शांतता अवघड जाते, तरी बसा. त्या शांततेत माणूस खरं बोलतो. 'काकू, तुमचं चुकत नाहीये, आमचं ॲप तपासतोय' हे सुरुवातीला एकदा आणि त्या अडखळल्या तर मध्ये एकदा सांगावं लागतं. नोंद घेणारा दुसरा माणूस हवाच. त्याने काय म्हणाल्या यापेक्षा कुठे थांबल्या, काय दाबलं, कुठून मागे आल्या ते लिहायचं. 'छान आहे' म्हणत म्हणत काकूंनी तीनदा चुकीचं बटण दाबलेलं असतं.

ॲप वापरायला किती सोपं आहे याचा वरिष्ठांना एक आकडा लागतोच. त्यासाठी जॉन ब्रूक यांची १९८६ची दहा प्रश्नांची एसयूएस प्रश्नावली पुरते. विषम क्रमांकाच्या प्रश्नांच्या गुणांतून १ वजा, सम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण ५मधून वजा, सगळ्यांची बेरीज गुणिले २.५. शंभरपैकी सरासरी ६८च्या आसपास धरतात. ७० मिळाले म्हणजे सत्तर टक्के लोकांना जमलं असा अर्थ मात्र होत नाही. मीटिंगमध्ये कुणीतरी तसं म्हणतंच, तेव्हा तिथल्या तिथे दुरुस्त करा.

कधीतरी वरून निरोप येतो: विम्याच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवा, सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण तीन स्क्रीन आत न्या. इथे नीतिमत्तेवर भाषण करून फार कुणी ऐकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला अशा तेरा प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आणि सबस्क्रिप्शनचा सापळा, दोन्ही त्यात नावानिशी आहेत. ती ईमेलला जोडा, लीगलला सीसीत ठेवा, आणि पर्यायी डिझाइन त्याच ईमेलमध्ये द्या. नुसता नकार पाठवला की काम दुसऱ्याकडे जातं आणि टिक तशीच राहते.

नोकरीसाठी पोर्टफोलिओ करणाऱ्यांना शेवटचं. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) बँका असोत की अंधेरी-पवईतल्या स्टार्टअप, मुलाखत घेणाऱ्याने एकसारख्या चकचकीत होम स्क्रीन पोत्याने पाहिलेल्या असतात. जे. जे. कलासंस्थेतून आलात की आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातून, की कुठला सर्टिफिकेट कोर्स करून, हा प्रश्न पाचव्या मिनिटाला मागे पडतो. एकच प्रोजेक्ट घ्या आणि त्याची बिघडलेली बाजू दाखवा: नेट गेलं तेव्हा काय दिसतं, डेव्हलपरने काय जमणार नाही म्हटलं, त्यावर काय तोडगा निघाला, मजकूर चार वेळा कसा बदलला. पहिल्या मसुद्यातला मजकूर आणि शेवटचा मजकूर शेजारी शेजारी ठेवा. त्यांनी विचारलं, 'हे टेस्ट केलंत का?', तर काकू कुठे थांबल्या ते नेमकं सांगता आलं पाहिजे, स्क्रीनच्या नावासकट.